मुका मार

‘मुका मार’ हा आपल्या मराठीतला एकदम सॉलिड शब्द आहे. रक्त नाही, टाके नाहीत, प्लॅस्टर नाही. बघणाऱ्याला वाटतं, याला काय धाड भरलीये? आतून मात्र ठणकत असतं. बाइकवरून आपटून उठलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यावरचे चार लोक विचारतात, ‘लागलं का हो?’ आणि आपण जीन्स झटकत म्हणतो, ‘नाही नाही, थोडा मुका मार आहे.’ म्हणजे लागलंय, पण पुरावा नाही. आणि पुरावा नाही म्हणून उद्या ऑफिसला दांडीही मारता येणार नाही.

आता असा मुका मार थेट मेंदूला बसला तर? आणि तोही एक-दोघांना नाही, लाखो लोकांना?

गेले काही दिवस मी अमेरिकन सैन्याच्या फॉर्म्सबद्दल वाचतेय. हो, फॉर्म्स! मैत्रिणी वीकएण्डला सिनेमे बघतात आणि मी ‘युद्धावरून परतलेल्या सैनिकाने भरायचा आरोग्यविषयक तक्ता’ असलं काहीतरी घेऊन बसते. फ्रीलान्सिंगमध्ये असेही दिवस येतात. पण खरं सांगू? इतकं गुंगवणारं वाचन बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. कारण त्या कंटाळवाण्या चौकटींच्या मागे एकच प्रश्न आहे, आणि तो आपल्यालाही रोज पडतो. माणूस ‘मला त्रास होतोय’ हे कधी आणि कुणाला सांगतो?

थोडी बॅकग्राउंड. अमेरिकेनं २००१ मध्ये अफगाणिस्तानात आणि २००३ मध्ये इराकमध्ये फौजा उतरवल्या. दोन्हीकडे समोरच्याचं लाडकं शस्त्र होतं आयईडी, म्हणजे रस्त्याच्या कडेला पुरलेला, जुगाड करून बनवलेला बॉम्ब. अमेरिकन सैनिकाच्या अंगावर चिलखत, डोक्यावर चांगलं हेल्मेट आणि मदतीला हेलिकॉप्टर. त्यामुळे आधीच्या युद्धांत जे गेलेच असते असे बरेच जण वाचले. पण हेल्मेट लोखंडाचे तुकडे अडवतं, स्फोटाच्या दाबाची लाट त्याला फारशी जुमानत नाही. गाडी उडते, माणूस आदळतो, काही सेकंद ब्लँक होतो, उठतो, धूळ झटकतो आणि पुन्हा ड्युटीवर. डॉक्टर याला ‘माइल्ड ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी’ म्हणतात. क्रिकेटवाले म्हणतात कन्कशन. अर्ध्या तासाच्या आत शुद्धीवर आलात तर ‘माइल्ड’! सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल. आणि मग पुढे डोकेदुखी, चिडचिड, झोपेचं खोबरं, कशातच लक्ष न लागणं.

दुसरा मार मनाला बसतो. काल सोबत चहा प्यायलेला मित्र आज डोळ्यांदेखत गेलेला असतो. त्यातून जो आजार जडतो तो पीटीएसडी. त्याची लक्षणं काय? भयानक स्वप्नं, शिवाय चिडचिड, झोपेचं खोबरं, कशातच लक्ष न लागणं. लोच्या लक्षात आला ना? आजार दोन, यादी बरीचशी तीच, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाला, एकाच स्फोटातून. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेनं २००८ मध्ये अंदाज मांडला होता. तोवर या युद्धांवर गेलेल्या साधारण १६ लाख ४० हजार जणांपैकी ३ लाखांना पीटीएसडी किंवा गंभीर डिप्रेशन, आणि ३ लाख २० हजारांना मेंदूची दुखापत झालेली असू शकते.

मग सैन्यानं काय केलं? सैन्य जे नेहमी करतं तेच. फॉर्म काढला.

२००३ पासून परतणाऱ्या प्रत्येकाला जो फॉर्म भरावा लागला त्यात पीटीएसडीसाठी चार प्रश्न होते. गेल्या महिन्याभरात वाईट स्वप्नं पडली का, नको असताना ते सगळं आठवलं का? त्या आठवणी टाळायची धडपड केलीत का? सतत सावध राहता का, पटकन दचकता का? माणसांपासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? उत्तर हो किंवा नाही. त्यानंतर डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याशी छोटीशी भेट.

आता जरा त्या सैनिकाच्या जागी उभे राहा. वर्षभर वाळवंटात काढलंय. बायको, आई, गर्लफ्रेंड, जी कोणी असेल ती वाट बघतेय. आणि बराकीत कुजबुज आहे की ‘हो’ लिहिलंस तर तपासण्यांसाठी थांबवून घेतील, सुट्टी लटकली समज. चार वेळा ‘नाही’ लिहिलं की थेट घरी! तुम्ही काय टिक कराल? मी तर पेन न उचलता चारही ‘नाही’ एका फटक्यात उडवले असते.

हे सैन्याच्याच डॉक्टरांच्या लक्षात आलं. म्हणून २००५ मध्ये दुसरा फॉर्म आला, परतल्यावर तीन ते सहा महिन्यांनी भरायचा. आणि इथं खरी गोष्ट सुरू होते. इराकहून परतलेल्या ८८,२३५ सैनिकांचे दोन्ही फॉर्म एकमेकांशेजारी ठेवून केलेला अभ्यास २००७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. घरच्यांशी, मित्रांशी खटके उडतायत असं सांगणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या फॉर्मपर्यंत चौपट झालं होतं. दोन्ही फॉर्म मिळून पूर्णवेळ सैनिकांपैकी सुमारे २० टक्क्यांना मानसिक उपचारांची गरज आहे असं ठरलं. आणि रिझर्व्ह व नॅशनल गार्डमधल्यांपैकी? सुमारे ४२ टक्क्यांना!

हे रिझर्व्हवाले कोण, तर एरवी तुमच्या-आमच्यासारखे. कुणी बँकेत, कुणी दुकानात, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. बोलावणं आलं की युनिफॉर्म चढवायचा, युद्ध करायचं आणि परत येऊन आपल्या क्युबिकलमध्ये बसायचं. पूर्णवेळ सैनिकाच्या आजूबाजूला निदान तेच बघून आलेले लोक असतात. याच्या आजूबाजूला कोण? ‘वीकएण्डला काय केलंस’ विचारणारे.

त्याच अभ्यासात एक उलटी गोष्टही निघाली. पहिल्या फॉर्मवर पीटीएसडीची लक्षणं सांगणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे, काही गटांत त्याहून जास्त, दुसऱ्या फॉर्मपर्यंत बरेच सावरले होते आणि त्यातल्या अनेकांनी कुठलेही उपचार घेतले नव्हते. म्हणजे विमानातून उतरल्या उतरल्या सगळ्यांना ‘पेशंट’ हा शिक्का मारून मोकळं होण्यातही अर्थ नाही. काही जणांना घरचं जेवण, झोप आणि वेळच हवा असतो. प्रॉब्लेम एवढाच की हे कोण आणि ते कोण, पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

आणि दारू! दारूचं प्रमाण वाढलंय असं सुमारे १२ टक्के सैनिकांनी स्वतःहून लिहिलं. त्यांतून व्यसनमुक्ती उपचारांसाठी पाठवले गेलेले एकूण सैनिकांच्या किती? ०.२ टक्के. कारण डिप्रेशनबद्दल थोडी तरी गुप्तता होती, पण दारूच्या उपचारांसाठी गेलं की ते वरिष्ठांना आपोआप कळवलं जाई. आता बोला. कोण जाईल?

वरिष्ठांना कळणार. हा सगळ्या कहाणीचा मुका मार आहे. एका अमेरिकन ब्रिगेडमध्ये एक साधा प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धावरून आलेल्या सैनिकांनी नेहमीचा नावानिशी फॉर्म भरला. नंतर त्यांच्यातल्याच काहींनी जवळपास तेच प्रश्न नाव न लिहिता सोडवले. बिननावाच्या कागदावर डिप्रेशन, पीटीएसडी, आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण दुप्पट ते चौपट निघालं. तीच पलटण, तेच युद्ध. फक्त नावाची चौकट गायब!

हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल तर तुमचं ऑफिस फारच छान आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या कंपनीनं मध्यंतरी ‘स्ट्रेस सर्व्हे’ घेतला. एकदम अनॉनिमस, बिनधास्त लिहा, वगैरे वगैरे. आणि लॉग इन करायला काय? एम्प्लॉयी कोड! अख्ख्या फ्लोअरवर कुणालाच स्ट्रेस नव्हता म्हणे. एचआरनं त्याचं प्रेझेंटेशनही केलं.

बाय द वे, या एचआरवाल्या पर्सनॅलिटी टेस्टचा मूळपुरुषही फौजीच आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारानं सैनिक थरथरायला लागायचे, वाचा जायची. ‘शेल शॉक’ हा शब्द तेव्हाचा. अशी माणसं भरतीच्या वेळीच ओळखून बाजूला काढावीत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९१७ च्या सुमारास ‘हो-नाही’ प्रश्नांची यादी बनवायला घेतली, ती शेवटी ११६ प्रश्नांवर गेली. यादी तयार होईपर्यंत युद्धच आटोपत आलं. सैन्याला तिचा उपयोग झाला नाही, पण इंटरव्ह्यूला येणाऱ्या तुमच्या-आमच्या मानगुटीवर तिची पिल्लावळ आजही बसलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ‘आधीच गाळून टाका’ हा फंडा पुन्हा वापरला, लाखो तरुणांना मानसिक कारणावरून नाकारलं आणि तरीही आघाडीवर मनानं कोसळणाऱ्यांची रांग थांबली नाही. कोण मोडेल हे आधी सांगता येत नाही. ब्रिटिश संशोधकांनी इराक युद्धाच्या आधी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या २००६ मध्ये तपासल्या तेव्हाही हेच निघालं.

पण मेंदूच्या दुखापतीचं काय? तिथं तरी शरीराची भानगड आहे, तिथं लाज कसली? असं वाटतं खरं. ऑगस्ट २०१९ ची लॉर्ड्‌स टेस्ट आठवा. जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि तो जमिनीवर आडवा. टेस्ट झाल्या, पास झाला, पाऊण तासात परत बॅटिंगला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं जड, दुखणं सुरू. मग त्याच्या जागी लाबुशेन आला, कसोटी इतिहासातला पहिला कन्कशन सबस्टिट्यूट. इथं दोन गोष्टी दिसतात. एक, हा मार कधी कधी उशिरा बोलतो. दोन, खेळाडूला खेळायचंच असतं. सैनिकाला तर त्याहून जास्त, कारण तो बसला तर त्याच्या जागी गस्तीवर त्याचाच दोस्त जाणार.

अमेरिकन सैन्याची मैदानावरची कन्कशन टेस्ट २००६ मध्ये आली. मेडिक आधी विचारतो, काय झालं, आधीचं-नंतरचं काय आठवतं. मग आज वार कोणता, तारीख काय. पाच शब्द सांगतो आणि परत म्हणायला लावतो. आकडे उलटे म्हणायला लावतो, महिने डिसेंबरपासून उलटे. आणि शेवटी, ते मघाचे पाच शब्द? एकूण गुण ३०, आणि २५ च्या खाली आलात तर गडबड. (महिने आत्ता म्हणून बघा. ऑगस्टपाशी अडखळलात तर घाबरू नका, लंच अजून झालं नसेल.) आता पाच शब्द पाठ करणं म्हणजे काय मोठं काम? एकानं दुसऱ्याला सांगितले की झालं! ही सोय राहू नये म्हणून शब्दांच्या वेगवेगळ्या याद्या असलेल्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. डोक्याला मार बसलाय का हे शोधणाऱ्या परीक्षेचा पेपर फुटण्याची भीती! आपल्याकडच्या बोर्डालाही जवळचं वाटेल.

आणि मग जून २०१० मध्ये एक नियम आला, जो मला या सगळ्या भानगडीत सगळ्यात हुशार वाटतो. तुम्ही स्फोटापासून ५० मीटरच्या आत होतात का? तुमची गाडी स्फोटात सापडली, उलटली का? मग तपासणी होणारच, आणि निदान २४ तास विश्रांती. तुम्हाला बरं वाटतंय का, हा प्रश्न नंतर. वर्षभरात तीन कन्कशन झाली तर सविस्तर तपासणी. सैनिकाला कबुली द्यावी लागत नाही. ‘मी कच्चा निघालो’ असं वाटायला जागाच नाही, कारण आत पाठवलंय ते अंतरानं. ५० मीटर म्हणजे ५० मीटर. अंतर लाजत नाही, त्याचं प्रमोशन अडत नाही.

मनाच्या जखमेला असा मीटर लावता येत नाही हे कबूल. पण निदान भीती कमी करता येते. २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सुरक्षा परवान्याच्या अर्जातला एक प्रश्न बदलला. युद्धातल्या अनुभवांमुळे समुपदेशन घेतलं असेल तर ते आता तिथं लिहायची गरज उरली नाही. बदल एका ओळीचा, पण दहा पोस्टर्सपेक्षा जास्त कामाचा. ‘बोला, मन मोकळं करा’ असं भिंतीवर लिहून काय होतं? बोलल्यावर काय होतं ते बदला ना!

एवढं वाचून मी स्क्रीनिंगच्या प्रेमात पडणार होते, तेवढ्यात ब्रिटननं पाणी ओतलं. तिथं लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी अफगाणिस्तानातून परतलेल्या १० हजारांहून जास्त सैनिकांवर रीतसर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला कॉम्प्युटरवरच्या उत्तरांनुसार खास त्याच्यासाठीचा सल्ला, दुसऱ्याला सरसकट सर्वसाधारण सल्ला. एक-दोन वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांत पीटीएसडी, डिप्रेशन, दारू, सगळं सारखंच. मदत मागायला जाणंही सारखंच. हा निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्क्रीनिंगच्या चाहत्यांनी म्हणावं की स्क्रीनवर नुसता सल्ला झळकवणं आणि माणसानं समोर बसून विचारणं यात फरक आहे. मलाही तसंच वाटतं. पण ‘विचारलं म्हणजे काम झालं’ या समजुतीची हवा त्या निकालानं काढली, ती काढलीच.

अमेरिकेतल्याच सैन्याच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आणखी एक खडा टाकला होता. अडीच हजारांवर सैनिक तपासले. मेंदूला मार बसलेल्यांना जास्त त्रास होतोय हे दिसलं, पण पीटीएसडी आणि डिप्रेशन हिशोबात धरलं तर डोकेदुखी सोडता बाकीच्या बऱ्याचशा तक्रारींचा धागा त्या दोघांकडे जात होता. मग काय, ‘हे सगळं मनाचंच आहे’ म्हणणारे खूश. माझ्या मते त्यांनी घाई केली. त्या अभ्यासाचा अर्थ एवढाच की डोक्यावर ‘ब्रेन इंज्युरी’ची चिठ्ठी चिकटवून मनाच्या आजारावरचे उपचार विसरू नका. त्यात नाटक करण्याचा संबंधच नाही.

तरी नाटकाचा संशय काही जात नाही. ८ जानेवारी २०२० ला इराणनं इराकमधल्या अल असद तळावर बॅलिस्टिक मिसाइल्स डागली. त्याच दिवशी जाहीर झालं, एकाही अमेरिकनाला इजा नाही. मग आकडा आला ११. मग ३४. मग ५०. फेब्रुवारीत शंभराच्या पुढे. हे सगळे मेंदूला मार बसलेले. मधल्या काळात दावोसला ट्रम्प यांना पत्रकारांनी विचारलं, तर त्यांचं म्हणणं, डोकेदुखी वगैरे होती असं ऐकलं, फार गंभीर नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षांचंच ‘मुका मार आहे’! पुढे त्यातल्या कित्येकांना युद्धात जखमी झाल्याबद्दलचं ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळालं. वाढत जाणाऱ्या आकड्यावर तेव्हा बरीच भंकस झाली, पण डॉक्टरांना त्यात नवल नव्हतं. लक्षणं उशिरा आली, लोक उशिरा बोलले, फॉर्म उशिरा भरले गेले.

आता सगळ्यात अवघड प्रकरण राहिलं. शत्रूचा स्फोट निदान मोजता येतो. पण स्वतःच्याच शस्त्रांचं काय? खांद्यावरून रॉकेट डागणारे, मॉर्टरवाले, दारं उडवणारे, नव्या पोरांना ग्रेनेड शिकवणारे इन्स्ट्रक्टर. दर वेळी धक्का छोटा, कुणीच पडत नाही, त्यामुळे ५० मीटरवाला नियम त्यांच्यासाठी वाजतच नाही. २००० पासून अमेरिकन सैन्यात मेंदूच्या दुखापतीची ५ लाखांहून जास्त निदानं झाली आहेत. त्यातली बहुतेक ‘माइल्ड’, आणि बहुतेक युद्धभूमीबाहेरची, म्हणजे ट्रेनिंग, गाड्यांचे अपघात, खेळ. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात गोळीबार करून १८ जणांचे जीव घेणारा माणूस सैन्याचा ग्रेनेड इन्स्ट्रक्टर होता. मृत्यूनंतर बॉस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासला तेव्हा दुखापतीच्या खुणा सापडल्या. त्या खुणांमुळेच त्यानं ते केलं असं म्हणता येणार नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केलं. तरी चर्चा व्हायची ती झालीच.

ऑगस्ट २०२४ मध्ये पेंटागॉननं नवा आदेश काढला. स्फोटाच्या दाबापासून किती दूर उभं राहायचं याची मर्यादा, आणि त्या वर्षाच्या अखेरपासून भरती होणाऱ्या प्रत्येक नव्या पोराची सुरुवातीलाच मेंदूची चाचणी. युद्धावर जाण्याआधी अशी चाचणी घ्यायला २००८ मध्येच सुरुवात झाली होती. आता ती अगदी पहिल्या पायरीवर आली. कॉम्प्युटरसमोर बसायचं, स्क्रीनवर खूण दिसली की बटण दाबायचं, आकडे लक्षात ठेवायचे. अठरा वर्षांचा पोरगा, एकही स्फोट न ऐकलेला. पुढे कधी मार बसला तर तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याच्याच जुन्या डोक्याशी.

आयडिया झकास आहे. फक्त अमेरिकन फुटबॉलवाल्यांना अशा चाचण्यांवरचा तोडगा केव्हाच ठाऊक झालाय. पहिल्याच टेस्टला मुद्दाम ढ गोळा व्हायचं, बटण जरा उशिरा दाबायचं. म्हणजे नंतर डोकं खरंच घसरलं, तरी आकड्यात दिसत नाही.